बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा

पहिल्या वर्षीचा तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. फोटो उत्तम आलाय. लिंबाच्या फांदीवर अर्ध्या अक्रोडाएवढं घरटं, बाहेरून दगडफुलाचे करडे-हिरवे तुकडे चिकटवलेले (हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद), आणि आत बसलेल्या हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याच्या मादीची चोच वाटीच्या एका कडेबाहेर, शेपटी दुसऱ्या. सकाळचं ऊन बरोबर तिच्या हिरव्या पाठीवर पडलंय. ते तिथे पडावं म्हणून मीच दोन डहाळ्या सुतळीने मागे बांधल्या होत्या.

चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं. आतल्या अस्तराचा पांढरा कापूस ओढून कडेवर आलेला, अंड्यांचा पत्ता नाही. आमच्याकडे स्क्रब जे नावाचा निळा पक्षी आहे, कावळ्याच्या कुळातला आणि कावळ्याइतकाच चौकस. त्यानेच अंडी खाल्ली की आणखी कुणी, मी पाहिलं नाही. डहाळ्या बांधल्या नसत्या तर ती वाचली असती असंही मी शपथेवर सांगू शकत नाही. हमिंगबर्डची कितीतरी घरटी कॅमेरा न येताच लुटली जातात. पण सुतळीची गाठ माझी होती.

घरट्यांचे फोटो काढावेत का, आणि काढले तर ते लोकांना दाखवावेत का, यावर पक्षी बघणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं भांडण चाललंय. त्या भांडणात मी कुठल्या तोंडाने बोलतेय ते आधीच कळलेलं बरं, म्हणून एवढं सांगितलं.

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहते. इथे मागच्या अंगणात बारा महिने दिसतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड. एकोणिसाव्या शतकातल्या अ‍ॅना मासेना या फ्रेंच सरदारपत्नीचं नाव त्याला मिळालंय. वजन ४ ते ४.५ ग्रॅम, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. नराचा गळा उन्हात राणी रंगाने पेटतो आणि मान वळवली की काळा दिसतो. या नराचा घरट्याशी काडीचाही संबंध नसतो. बांधणं, दोन अंडी उबवणं, भरवणं, राखणं, सगळं एकटीचं. अंडी साधारण १६ दिवस उबवायची, मग पिल्लं उडायला आणखी तीन आठवडे. बेरीज केली की आपला सव्वा महिना भरतो.

ज्यांच्या घरात हा सव्वा महिना पाळला गेलाय त्यांना पुढचा अर्धा लेख वाचायची गरज नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणीही उठून जात नसे. बाळ बघायला आलेली माणसं दारातून बघत, दोन मिनिटांत बाहेरच्या खोलीत चहाला बसत. तिथे कुणी रोज सकाळी दोन तास तिपाई रोवून बसलं असतं, तर माझ्या आजीने त्याला तिपाईसकट विहिरीवर पाठवलं असतं.

आता यावर हमखास येणारं उत्तर: पण बाग आमची आहे. खरंय. या पक्ष्याच्या बाबतीत तर जरा जास्तच खरंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाज हमिंगबर्ड फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात आणि त्याखालच्या मेक्सिकोच्या पट्टीत घरटी करायचा. माणसांनी बागा केल्या, परदेशी फुलझाडं लावली, निलगिरी लावली, साखरपाण्याचे फीडर टांगले, आणि त्यांच्या मागोमाग तो किनाऱ्याने थेट कॅनडापर्यंत पोचला. म्हणजे आपण त्याला बोलावलंय. बोलावलेल्या पाहुण्याच्या खोलीचं दार न वाजवता उघडायचं नसतं, एवढंच माझं म्हणणं.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं विनापरवाना पाडणं गुन्हा आहे, आणि पिल्लं उडून गेल्यावर ते रिकामं घरटं शोकेसमध्ये ठेवणंसुद्धा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने काही ठरावीक पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणं गुन्हा ठरवलंय. त्यांच्या घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा तर आधी परवाना. भारतातला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शब्दांत सगळ्यांत कडक आहे. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणं घातलंय. बंदूक आणि तिपाई एकाच कलमात! पण लिंबाच्या झाडाखाली पोलीस उभा नसतो. मी सुतळी बांधली तेव्हा मला कुणी बघितलं नाही आणि कुणी विचारणारही नव्हतं. बागेत कायदा पोचत नाही, तिथे रीतच लागते.

आपल्याकडे अशी एक रीत होती. चिमणीच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की ते ‘बाटतं’, मग बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात, असं आम्हाला लहानपणी बजावलेलं असायचं. शास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य नाही. हाताच्या वासाने पक्षी पिल्लू टाकत नाहीत. आणि ‘बाटणं’ हा शब्द आपण माणसांसाठी कसा वापरला, तो इतिहास घाणेरडा आहे, तेव्हा त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण साताऱ्याच्या घरात देवांच्या तसबिरीमागे चिमणीने काड्या कोंबल्या की आई ती तसबीर महिनाभर पुसायची नाही आणि आम्हाला स्टूल लावून वर चढू द्यायची नाही. खोट्या कारणाने का होईना, हात लांब राहायचे. आता खोटं कारण गेलं आणि खरं कारण कुणी शिकवलं नाही. मधल्या काळात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला.

घरट्याचे फोटो मुळात का सुरू झाले ते मला फार पटण्यासारखं वाटतं. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला. पक्षिछायाचित्रणाचा आरंभ बरेच जण तिथून धरतात. त्या काळी काचेच्या प्लेटा, जड पेट्या, मंद भिंगं. उडता पक्षी टिपणं जवळपास अशक्य. पक्षी पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन बसेल अशी खात्रीची जागा म्हणजे घरटं. म्हणून लपण बांधून घरट्यासमोर बसायचं. एरिक हॉस्किंग हा ब्रिटिश छायाचित्रकार १९३७ मध्ये असाच एका घुबडाच्या घरट्याशी गेला आणि घुबडाच्या नखांनी त्याचा एक डोळा गेला. हमिंगबर्डकडे तसली नखं नाहीत, म्हणून आपण त्याच्याशी धीट.

ती सगळी अडचण आता संपलीय. आजचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतो. हमिंगबर्ड तर फोटोला अजिबात कंजूष नाही. एक भाग साखर आणि चार भाग पाणी असा फीडर टांगा (लाल रंग घालू नका, गरज नसते), सॅल्व्हियाची दोन झुडपं लावा, आणि खुर्ची टाकून बसा. तो हातभर अंतरावर हवेत थांबेल, तुमच्याकडे बघेल, दुसऱ्या नराला पळवून लावेल, गळा पेटवून दाखवेल. फुलावरचा, अंघोळीचा, भांडणाचा, पावसात बसलेला, असे हजार फोटो काढा. यातला एकही फोटो त्याचं काही हिरावून घेत नाही. मग घरट्याचाच का हवा? कारण घरट्याचा फोटो सोपा असतो. आई येणार हे ठरलेलं, कुठे बसणार ते ठरलेलं. कौशल्य फांद्या बांधण्यात. फोटोग्राफर मंडळी त्याला आपसात ‘गार्डनिंग’ म्हणतात. शब्द किती सात्त्विक आहे बघा.

विरुद्ध बाजूचा मुद्दा मला टाळायचा नाही. माणूस घरट्यापाशी गेला की घरटं बुडालंच, असं नसतं. यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेला बोट दाखवत नाहीत. काही पक्ष्यांना फरक पडतो, काहींना नाही. माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीतच बघा. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या तारेला पक्ष्याने लोंबती पिशवी विणली आणि ग्रुपवर मेसेज आला, ‘आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड!’ मी इथून कळवलं की बाई गं, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात होतो, हा शिंजीर. दोघांचं एकमेकांशी नातं नाही, दोघांनी फुलातला रस पिण्याचा धंदा वेगवेगळा शोधून काढलाय. पण ते कुणी वाचेपर्यंत रविवार उजाडला होता आणि आठ जण कॅमेरे घेऊन गॅलरीत. बहीण म्हणाली, ‘अगं, चहा करता करता माझा जीव गेला.’ शिंजिराची दोन्ही पिल्लं सुखरूप उडाली. त्यावर सगळे म्हणाले, बघा, काही झालं नाही.

माझं घरटं गेलं त्याने माझी बाजू सिद्ध होत नाही, तिथलं वाचलं त्याने त्यांची होत नाही. रस्ता न बघता ओलांडूनही माणूस बहुतेक वेळा पलीकडे पोचतो.

जे अभ्यासक मुद्दाम घरटी तपासतात ते कसे वागतात हे बघावं. कॉर्नेल विद्यापीठाचा नेस्टवॉच नावाचा उपक्रम आहे. त्यात साधी माणसं घरट्यांच्या नोंदी पाठवतात. त्यांना दिलेल्या सूचना वाचल्या तर एखाद्या जुन्या सुईणीने लिहिल्यासारख्या वाटतात. सकाळी लवकर जाऊ नका, बरेच पक्षी तेव्हा अंडी घालतात. उबवण्याचे पहिले काही दिवस सोडा. पिल्लं उडायला आली की जवळ जाऊ नका, ती घाबरून वेळेआधी उडी मारतात. ढगाळ-पावसाळी हवेत नाही, तिन्हीसांजेला नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेली: घरट्यापाशी संपणारी पायवाट पाडू नका, पुढे चालत जाऊन दुसरीकडून बाहेर पडा, नाहीतर मांजराला तुम्ही बोट धरून तिथवर नेलंत. एवढी पथ्यं, तीही चार दिवसांतून एकदा डोकावून निघून जाणाऱ्याला. फोटोवाला याच्या उलट वागतो. तो रोज येतो, थांबतो, आणि नेमका सकाळच्या कोवळ्या उन्हात थांबतो. फेब्रुवारीच्या गार सकाळी हमिंगबर्ड मादी अंड्यांवरून उठते ती दोन-चार मिनिटं खायला म्हणून. ती परत आल्यावर फांदीसमोर कुणी उभं असेल तर ती लांब तारेवर बसून राहते. अंडी तोवर थंड होत असतात. फोटोत हे काहीच येत नाही. फोटोत ती शेवटी घरट्यात बसलेलीच दिसते.

दुसरं घरटं झालं दिवाळीच्या माळेवर. पॅटिओच्या, म्हणजे मागच्या ओसरीच्या, आढ्याला लावलेली दिव्यांची माळ मी आळसापायी जानेवारी संपेपर्यंत काढली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं की एक मादी खिडकीच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चोचीने ओढून नेतेय. (तेही मी झाडलं नव्हतं. आळसाचे काही फायदे असतात.) तारेच्या गाठीवर ती जाळ्याचे वेढे देई, त्यावर कापसासारखे तंतू दाबी, मग आत बसून छातीने रेटत गरागरा फिरे, फुगडी घातल्यासारखी, आणि चोच कडेवरून खाली घासून बाहेरची बाजू पक्की करी. जाळं ताणतं, म्हणून पिल्लं वाढली की वाटीही रुंदावते. मी भांडी घासता घासता हे बघत होते. तिचं आणि माझं अंतर सात-आठ फूट, मध्ये काच.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि माझा सगळा वाद त्या एका गोष्टीवर उभा आहे. नवरा रोज संध्याकाळी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन त्याच दारातून, तिच्या अगदी खालून जायचा. ती मानही हलवायची नाही. तिने जागा निवडली तेव्हा बादली होतीच. बादली तिच्या हिशेबात धरलेली होती. पण एके दिवशी मी त्याच दारात थांबले, वर बघितलं आणि फोन वर धरला. तिची मान ताठ झाली, पिसं अंगाला चिकटली आणि ती गेली. जाणारा माणूस तिला चालतो. थांबून टक लावणारा चालत नाही, आणि तिच्या जागी कुणीही असतं तरी चाललं नसतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की तिने घरटं बांधलं तेव्हा मी जे करत होते तेवढंच करायचं. दार वापरत होते, वापरेन. खिडकीत उभी राहत होते, राहीन, आणि तिथून काचेतून फोटो निघाला तर काढीन. शिडी, तिपाई, फ्लॅश, फांदी हलवणं, दाराबाहेर थांबणं, यातलं काही नाही. माळेचा प्लग काढून बटणावर चिकटपट्टी लावली. संपूर्ण बंदीवाल्यांना हा नियम ढिला वाटेल, पण मला त्यांच्यासारखं ‘फोटो काढूच नका’ म्हणता येत नाही, आणि त्याला कारण आहे.

इथे बऱ्याच घरी बागकाम करणारी माणसं यंत्रं घेऊन येतात आणि झाडं-कुंपणं छाटून जातात. छाटणी हिवाळ्यात करावी, पक्षी वसंतात घरटी करतात, असा सर्वसाधारण हिशेब असतो. अ‍ॅनाज हमिंगबर्ड त्यात बसत नाही. तो डिसेंबरपासूनच अंडी घालू लागतो, म्हणजे यंत्रं आणि घरटी एकाच वेळी. त्या फेब्रुवारीत आमच्याकडे येणाऱ्या माळ्याला मला सांगायचं होतं की पॅटिओकडे येऊ नका. त्याचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश सारखंच तोकडं. मी फोनवरचा, खिडकीतून काढलेला फोटो दाखवला. तो बघून हसला, म्हणाला, ‘कोलिब्री’ (स्पॅनिशमध्ये हमिंगबर्ड), आणि यंत्र बंद करून पुढच्या अंगणात गेला. पुढच्या वेळी त्याने शेजाऱ्यांचं कुंपण छाटायच्या आधी फांद्या हाताने उघडून बघितल्या. एका बऱ्यापैकी धूसर फोटोने एवढं काम केलं.

म्हणून माझ्यासाठी मुख्य सवाल फोटो कुठे जातो हा आहे. तो माळ्याकडे गेला, शेजारणीकडे गेला, तर घरट्याच्या कामी आला. चारशे जणांच्या ग्रुपवर गेला की तो त्या चारशे जणांच्या कामी येतो. भारतातल्या बऱ्याच पक्षिछायाचित्रांच्या गटांनी घरट्यांचे फोटो टाकायलाच बंदी केलीय आणि त्यावर ‘हुकूमशाही’ वगैरे ओरड होते. मला ती बंदी मान्य आहे. फोटो टाकणारा प्रत्येक जण वाईट असतो असं मुळीच नाही. पण प्रत्येक सुंदर फोटो बघून दहा जणांना तसाच हवा होतो. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर जे चालतं ते कुणी एकट्याने सुरू केलेलं नाही. एकाचा फोटो गाजला, चोचीत सरडा होता. मग दुसऱ्याला खेकडा हवा, तिसऱ्याला बेडूक. पक्षी चोचीत घास घेऊन समोरच्या काटकीवर थांबतो, माणसं हलायची वाट बघत. त्याची ती ताटकळ हीच फोटोवाल्याची पर्वणी, कारण पक्षी स्थिर आणि घास स्पष्ट. आत बिळात पिल्लं उपाशी. त्या फोटोंना लोक ‘पितृप्रेम’ असं शीर्षक देतात तेव्हा मला चीड येते.

स्पर्धावाल्यांनी घरट्याचे फोटो घेऊच नयेत, यावर मला चर्चासुद्धा नको. बक्षीस असेल तिथे सुतळी येणारच. गटांवर पिल्लं उडून गेल्यावर टाकायला हरकत नसावी, जागा न सांगता आणि कुठून काढला ते सांगून. खिडकीतून काढला असेल तर तसं लिहा. फोनने जवळून काढला असेल तर तेही लिहा, आणि लोकांना बोलू द्या. कुणी म्हणेल, मग घरट्यांवर लावलेले थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे? त्यांच्याशी माझं भांडण नाही, जर ते पक्षी यायच्या आधी बसवलेले असतील आणि मागे माणूस नसेल. तिच्या लेखी तो खांब. आमच्या बादलीसारखाच तिच्या हिशेबात धरलेला.

त्या वर्षी दोन्ही पिल्लं मार्चच्या मध्यावर उडाली. आदल्या आठवड्यात ती वाटीत मावत नव्हती. एकाची शेपटी बाहेर, दुसऱ्याची चोच, आणि आई येऊन तलवार म्यानात घालावी तशी चोच त्यांच्या घशात घालायची. माझ्याकडे तीन फोटो आहेत. पहिल्यात काचेवरचा डाग मधोमध आलाय, दुसरा माळ्याला दाखवलेला, तिसऱ्यात आई निघून गेलीय आणि फक्त हललेली तार दिसते. व्हिडिओ कॉलवर आईला तिन्ही दाखवले. तिने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, ‘अगं, यात पक्षी कुठाय?’ मग पाठीमागचं दिसून म्हणाली, ‘आणि पाडवा आला तरी दिवाळीची माळ का काढली नाहीस?’